न्यूजरीडर वापरताना अडलात? तो बग आहे, असा नोंदवा

२२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्सवरून युजनेटवर (वेबच्याही आधीपासून चालत आलेलं, विषयवार चर्चेच्या ग्रुपांचं जाळं) नवीन पोस्ट टाकणं बंद झालं, नवीन पोस्ट तिथे दिसणंही बंद झालं, जुनं साठवलेलं तेवढं वाचता येतं. त्यामुळे ज्यांना आजही कॉम्प.लँग.सी सारखे ग्रुप वाचायचेत, लिहायचंय, त्यांना खरा न्यूजरीडर, म्हणजे हे ग्रुप वाचायचा-लिहायचा प्रोग्रॅम, लागतोच, जसं थंडरबर्ड, पॅन, नाहीतर टर्मिनलवाले असाल तर एसएलआरएन, टिन, इमॅक्समधला ग्नूस असं काहीतरी. आणि ब्राउझरची सवय असलेला माणूस पहिल्यांदा यातलं काही उघडतो तेव्हा हमखास अडखळतो. हा लेख त्या अडखळण्याबद्दल आहे. ते बग (सॉफ्टवेअरमधला दोष) म्हणून कसं नोंदवायचं, आणि तुमच्याकडे दुसऱ्यांचे असे बग आले तर काय करायचं, दोन्ही सांगतो.

आधी माझं एक सांगतो कारण त्याशिवाय मी यात इतका का गुंततो ते कळणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ग्रुपवर एका माणसाने वडिलांच्या आजारपणाबद्दल लिहिलं होतं, मी त्याला एकट्याला उत्तर लिहिलं, त्यात आमच्या घरातल्या आजारपणाचा सगळा तपशील होता, औषधं, पैशांची ओढाताण, सगळंच. पाठवल्यावर लक्षात आलं की ते त्याला न जाता अख्ख्या ग्रुपवर गेलं. मी वापरत होतो त्या रीडरमध्ये खाजगी उत्तराचं बटण आणि ग्रुपवर उत्तराचं बटण शेजारी शेजारी होतं, दोन्हीचं चित्र जवळपास सारखं, आणि लिहायची खिडकी उघडली की हे कुठे चाललंय ते वर एका बारीक ओळीत. मी वर्षभर स्वतःला दोष देत होतो. मग दुसऱ्या एकाचं तसंच झालेलं वाचलं, मग तिसऱ्याचं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की अरे, तीन माणसं एकाच जागी घसरतात म्हणजे जागाच निसरडी आहे.

युजेबिलिटी बग, म्हणजे वापरायच्या सोयीतला दोष, तो हाच. सॉफ्टवेअर बंद पडत नाही, एरर येत नाही, डेव्हलपरच्या दृष्टीने सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय, पण वापरणाऱ्याला जे करायचं होतं ते झालं नाही, किंवा भलतंच झालं, किंवा झालं की नाही तेच कळलं नाही. क्रॅश झाला तर लोक लगेच नोंदवतात. हे मात्र कोणी नोंदवत नाही कारण प्रत्येकाला वाटतं मलाच जमत नाहीये.

युजनेटवर तर ही सवय फार जुनी आहे. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांनी ही कल्पना काढली, पुढची कित्येक वर्षं वापरणारे बहुतेक विद्यापीठातलेच, आणि दर सप्टेंबरला नवीन विद्यार्थ्यांची लाट आली की जुनेजाणते वैतागायचे, महिनाभर शिकवायचे, मग सगळं शांत. १९९३ नंतर घरगुती इंटरनेटची माणसं इतकी आली की तो सप्टेंबर संपलाच नाही, तिथून 'इटर्नल सप्टेंबर' हा शब्द आला. त्या सगळ्या काळात नव्या माणसाला नियमांची लांबलचक यादी वाचायला दिली जायची. त्यातले निम्मे नियम तरी सॉफ्टवेअरने नीट बटण दिलं असतं तर लागलेच नसते असं माझं प्रामाणिक मत आहे.

अर्थात तेव्हाही काही लोकांना हे कळलं होतं. नव्वदच्या दशकात 'गुड नेट-कीपिंग सील ऑफ अप्रूव्हल' नावाचा एक निकष तयार झाला, न्यूजरीडरने किमान काय करायलाच पाहिजे याचा. नवीन पोस्ट, ग्रुपवर उत्तर आणि ईमेलने उत्तर या तीन गोष्टी स्पष्ट वेगळ्या असाव्यात, विषय बदलता यावा, सही (पोस्टच्या शेवटी आपोआप जोडला जाणारा मजकूर) चार ओळींपेक्षा मोठी असेल तर सांगावं, वापरणाऱ्याच्या ढोबळ चुका होऊ नयेत असा प्रयत्न करावा, वगैरे. आजही बग लिहिताना हा निकष हाताशी ठेवा, 'मला आवडत नाही' आणि 'न्यूजरीडरने हे करायलाच हवं' यातला फरक दाखवायला तो फार उपयोगी पडतो.

पहिलं काम: अडलात त्याच क्षणी लिहून ठेवा

वही घ्या, फोनमधलं नोट्स घ्या, काहीही. पहिल्या आठवड्यात तुम्हाला जे खटकतं ते दुसऱ्या महिन्यात दिसत नाही, हात सरावतो. म्हणून मी सांगतो की नवखेपणा फार थोडे दिवस टिकतो तेवढ्यात त्याचा उपयोग करून घ्या. लिहायचं काय, तर तीनच गोष्टी: मी काय करायला गेलो, मला काय होईल वाटलं, प्रत्यक्षात काय झालं. कारण शोधायच्या भानगडीत आत्ता पडू नका.

उदाहरण देतो. थंडरबर्डमध्ये एखादा मोठा ग्रुप पहिल्यांदा उघडला की तो विचारतो, इतक्या हजार हेडर (म्हणजे पोस्टचा विषय, लेखक, तारीख वगैरे माहिती) आहेत, सगळ्या उतरवू का ठरावीकच, आणि तिथे ५०० आकडा आधीच भरलेला असतो. आता ज्याने आयुष्यात कधी युजनेट बघितलं नाही त्याला हेडर म्हणजे काय ते माहीत नाही, तो आकडा कशाचा तेही नाही, उतरवल्यावर डिस्क भरेल का, पैसे लागतील का, काही कळत नाही. तो एकतर घाबरून कॅन्सल करतो नाहीतर सगळं उतरवायला लावतो आणि बसून राहतो. तुमच्या वहीत इतकंच यायला पाहिजे: 'ग्रुप उघडला, प्रश्न आला, प्रश्न समजला नाही, कॅन्सल केलं, ग्रुप रिकामा दिसला, वाटलं ग्रुप बंद पडलाय.' ही सहा तुकड्यांची ओळ सोन्यासारखी आहे. जो दहा वर्षं वापरतोय त्याला ती सुचूच शकत नाही.

दुसरं: दोष रीडरचा, सर्व्हरचा का समोरच्याच्या पोस्टचा?

इथे नवीन लोक सगळ्यात जास्त गोंधळतात आणि त्यात त्यांची चूक नाही, कारण तिन्ही गोष्टी एकाच खिडकीत दिसतात.

सर्व्हरचं ओळखायला सोपं आहे, तो तीन आकडी कोड पाठवतो. ४११ म्हणजे असा ग्रुपच नाही, ४३० म्हणजे ती पोस्ट सर्व्हरवर नाही, ४४० म्हणजे इथे पोस्ट करायची परवानगी नाही, ४४१ म्हणजे पोस्ट करायचा प्रयत्न फसला, ४८० म्हणजे आधी लॉगिन करा. हे कोड येणं हा रीडरचा दोष नाही. पण रीडरने तुम्हाला नुसतं '४४१' दाखवून खिडकी बंद केली आणि अर्धा तास लिहिलेला मजकूर गेला, तर तो शंभर टक्के रीडरचा युजेबिलिटी बग आहे आणि गंभीर आहे. सर्व्हर नाही म्हणू शकतो, मजकूर सांभाळणं हे रीडरचं काम.

समोरच्याच्या पोस्टचं तपासायचं तर मूळ मजकूर बघा. थंडरबर्डमध्ये कंट्रोल+यू दाबलं की पोस्ट जशी आली तशी, सगळ्या हेडरसकट दिसते. तिथे कॅरेक्टर सेट (अक्षरं कोणत्या कोडमध्ये लिहिलीत ते) चुकीचा लिहिलेला असेल किंवा लिहिलेलाच नसेल तर अक्षरं बिघडण्याचं कारण पाठवणाऱ्याच्या बाजूला आहे. मूळ मजकूर ठीक आहे आणि तरी नीट दिसत नाही, तर मग रीडर.

आणखी एक सरळ उपाय, तीच पोस्ट दुसऱ्या रीडरमध्ये उघडून बघायची. इटर्नल सप्टेंबर नावाचा एक सर्व्हर आहे, फक्त मजकुराचे ग्रुप, मोफत, नाव नोंदवावं लागतं, त्यावर थंडरबर्ड आणि पॅन दोन्ही लावून ठेवले की तुलना दोन मिनिटांत होते. प्रयोगाच्या पोस्ट मात्र चालू ग्रुपवर टाकू नका हो, त्यासाठी आल्ट.टेस्ट आहे, बऱ्याच सर्व्हरचा स्वतःचा टेस्ट ग्रुपही असतो. कारण युजनेटवर टाकलेली पोस्ट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर अशी पसरत जाते आणि रद्द करण्याचा संदेश पाठवता येत असला तरी बरेच सर्व्हर तो मानत नाहीत. गेलेली पोस्ट गेली.

हे शेवटचं वाक्य पुढे महत्त्व ठरवताना परत लागणार आहे.

तिसरं: परत करून बघा, कोऱ्या जागेवर

तुमच्या रोजच्या सेटअपमध्ये अॅडऑन असतात, बदललेल्या सेटिंग असतात. म्हणून थंडरबर्डमध्ये ट्रबलशूट मोडमध्ये एकदा, आणि नव्या प्रोफाइलमध्ये एकदा, असं दोनदा करून बघायचं. पॅनमध्ये पॅन_होम हे व्हेरिएबल (पॅनच्या फाइली कुठे आहेत ते सांगणारी सेटिंग) एका रिकाम्या फोल्डरकडे वळवून पॅन सुरू केलं की ते नवंकोरं उघडतं, तुमचं जुनं जसंच्या तसं राहतं.

युजेबिलिटीच्या बाबतीत 'परत करून बघणं' थोडं वेगळं असतं, कारण एकदा कळल्यावर तुम्ही परत तीच चूक करणार नाही. तेव्हा घरातल्या कोणालातरी बसवा. मी बहिणीला बसवतो. तिला फक्त काम सांगायचं, 'या माणसाला एकट्याला उत्तर दे', आणि गप्प बसायचं. बोट दाखवायचं नाही, 'तिकडे वर बघ' म्हणायचं नाही. ती कुठे थांबते, माउस कुठे फिरवते, कुठे उसासा टाकते ते लिहायचं. दोन माणसं एकाच ठिकाणी थांबली तर तुमचा बग पक्का.

चौथं: आधी कोणी नोंदवलाय का?

थंडरबर्डचे बग मोझिलाच्या बगझिलावर, म्हणजे बग नोंदवायच्या साइटवर, असतात. न्यूजग्रुपचे बरेच बग 'थंडरबर्ड' या प्रॉडक्टखाली नसून 'मेलन्यूज कोअर' या प्रॉडक्टमध्ये 'नेटवर्किंग: एनएनटीपी' (न्यूजरीडर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात ते म्हणजे एनएनटीपी) या भागात असतात, नवीन माणूस फक्त थंडरबर्डमध्ये शोधतो आणि काही सापडत नाही म्हणतो, तर दोन्हीकडे शोधा. दिसण्याबद्दलचं, बटणांबद्दलचं असेल तर थंडरबर्ड, सर्व्हरशी बोलण्याबद्दलचं असेल तर मेलन्यूज कोअर, असं ढोबळमानाने. पॅनचे बग ग्नोमच्या गिटलॅबवर. ग्नूसमध्ये तर रिपोर्ट पाठवायची आज्ञा आतच आहे, ग्नूस-बग नावाची.

शोधताना तुमचेच शब्द वापरू नका, दुसरा माणूस काय म्हणेल याचा विचार करून तीन-चार प्रकारे शोधा. सापडला तर नवीन काढू नका, त्यातच तुमची माहिती घाला, पण नुसतं 'मलाही' लिहू नका. 'मलाही' ने कोणाला काही कळत नाही, उलट पंधरा जणांना ईमेल जाते. त्याऐवजी 'मी अमुक व्हर्जनवर, कीबोर्डनेच वापरतो, मला हे अमुक ठिकाणी झालं' असं वेगळं काही असेल तर लिहा. बग पंधरा वर्षं जुना निघाला तरी घाबरू नका, मोझिलाकडे असे बरेच आहेत, आणि जुना बग नवीन चांगल्या वर्णनाने जागा झालेला मी बघितलाय.

पाचवं: लिहायचं कसं

शीर्षक आधी. 'रिप्लाय बटण भंगार आहे' हे शीर्षक नाही, तो राग आहे. राग खरा असेल, पण डेव्हलपरला त्यातून करण्यासारखं काही मिळत नाही. 'ग्रुपला उत्तर आणि लेखकाला उत्तर ही बटणं सारखी दिसतात, खाजगी मजकूर ग्रुपवर जातो', हे शीर्षक झालं. काय आहे आणि त्याने काय बिघडतं, दोन्ही एका ओळीत.

उपाय मात्र शीर्षकात घालू नका. 'बटण लाल करा' असं लिहिलं की पुढची सगळी चर्चा लाल का निळा यावर जाते आणि मूळ अडचण बाजूलाच राहते. उपाय सुचला असेल तर अगदी शेवटी एका ओळीत, 'मला असं वाटतं' म्हणून.

मग बगझिलाच्या फॉर्ममध्ये तीन रकाने येतात, पायऱ्या, प्रत्यक्ष काय झालं, काय व्हायला हवं होतं. तुमच्या वहीतल्या तीन ओळी तिथे जवळपास तशाच बसतात. समजा मला 'के' कळीबद्दल लिहायचंय, थंडरबर्डमध्ये एकटी 'के' दाबली की तो पूर्ण थ्रेड (मूळ पोस्ट आणि तिची सगळी उत्तरं) दुर्लक्षित होतो, 'डब्ल्यू' ने थ्रेडवर लक्ष ठेवलं जातं, शिफ्ट+सी ने सगळं वाचलेलं म्हणून खूण होते, अशा एकेका कळीच्या आज्ञा आहेत, वेगाने वाचणाऱ्याला फार सोयीच्या. पण शोधायच्या चौकटीत टाइप करतोय असं वाटत असताना फोकस (टाइप केलेलं जिथे जातं ती जागा) यादीत असला तर? तेव्हा रिपोर्ट साधारण असा होईल:

'पायऱ्या: १. ग्रुप उघडला. २. शोधायच्या चौकटीवर क्लिक केलं असं मला वाटलं, प्रत्यक्षात क्लिक बाजूला पडलं. ३. "केरळ" शोधायचं म्हणून रोमन अक्षरात टाइप करायला सुरुवात केली. काय झालं: निवडलेला थ्रेड यादीतून गेला, मागोमाग दुसऱ्या अक्षरांनी आणखी काही झालं, काय झालं ते मला कळलं नाही. काय अपेक्षित: शोधायला म्हणून टाइप केलेल्या अक्षरांनी यादीत काही होऊ नये.'

बघा, यात एकही तांत्रिक शब्द नाही आणि तरी सगळं आलं. 'मला वाटलं' आणि 'मला कळलं नाही' हे शब्द मुद्दाम ठेवा, ते काढून टाकायची इच्छा होते कारण आपण अडाणी दिसू असं वाटतं, पण युजेबिलिटी बगमध्ये पुरावा तोच असतो.

रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागतो हे खरंय. साधं इंग्रजी चालतं, छोटी वाक्यं लिहा, व्याकरणावरून कोणी रिपोर्ट फेकत नाही. आधी मराठीत लिहा आणि मग इंग्रजीत घ्या, मी अजूनही गुंतागुंतीचं असेल तर तसंच करतो कारण मराठीत लिहिताना पायऱ्या सुटत नाहीत.

सोबत व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टिम, आणि थंडरबर्ड असेल तर हेल्पमधल्या ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनचा मजकूर. स्क्रीनशॉट पूर्ण खिडकीचा द्या, कापलेला नको, कारण बटण आजूबाजूच्या कशात हरवलं तेच दाखवायचं असतं.

आणि हे नीट वाचा. सर्व्हरशी झालेल्या संवादाचा लॉग जोडणार असाल तर त्यात 'ऑथइन्फो पास' ने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्यापुढे तुमचा पासवर्ड उघडा लिहिलेला असू शकतो. ती ओळ काढा. स्क्रीनशॉटमध्ये दुसऱ्यांचे ईमेल पत्ते दिसत असतील तर झाका. बग सगळ्या जगाला दिसतो, आणि खाजगी गोष्ट चव्हाट्यावर गेल्याचा बग नोंदवताना आपणच कोणाची खाजगी गोष्ट चव्हाट्यावर मांडू नये.

देवनागरीचं थोडं सविस्तर

हा भाग मराठी माणसांनीच करायचा आहे, कारण दुसऱ्या कोणाला हे दिसतच नाही. सॉक.कल्चर.इंडियन.मराठी हा ग्रुप चालायचा तेव्हा तिथे मराठी रोमन अक्षरात लिहायचे, सात बिटांच्या (फक्त इंग्रजी अक्षरं मावणाऱ्या) जगात दुसरा मार्ग नव्हता, काही जण आयट्रान्सच्या (देवनागरी रोमन अक्षरात लिहायच्या ठरलेल्या) पद्धतीने लिहायचे. २००६ च्या आरएफसी ३९७७ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) एनएनटीपीसाठी यूटीएफ-८ हा सगळ्या लिपी मावणारा मूळ कॅरेक्टर सेट ठरवला. म्हणजे नियमात मराठीला जागा आहे. स्क्रीनवर ती नीट दिसते का हे तपासायला मात्र मराठी वाचणारा माणूसच लागतो.

सगळ्यात जास्त बिघडतो तो विषय. हेडरमध्ये देवनागरी सरळ जात नाही, तिचे कोड केलेले तुकडे करतात आणि एक तुकडा ७५ अक्षरांपेक्षा मोठा असायचा नाही असा नियम आहे. त्यातली १२ अक्षरं वेष्टनाला जातात, उरलेल्या ६३ मधली बेस६४ ला (बाइट साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) चाराच्या पटीत ६० वापरता येतात, त्यात ४५ बाइट बसतात, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे एका तुकड्यात फार तर १५ चिन्हं. पहिल्या ओळीत तर 'सब्जेक्ट' हा शब्दही बसवायचा असतो म्हणून तिथे त्याहून कमी, तेराच. आणि चिन्ह म्हणजे अख्खं अक्षर नव्हे बरं का, काना वेगळा मोजला जातो, हलन्त वेगळा, 'ण्या' ही चार चिन्हं झाली.

आता 'पुण्यातल्या पावसाबद्दल' असा विषय घ्या. 'पुण्यातल्या' मध्येच अकरा चिन्हं गेली, एक जागा सोडली, मग 'प' बसतो आणि पहिला तुकडा तिथे भरू शकतो. दुसरा तुकडा सुरू होतो तो कान्याने. वाचणाऱ्या रीडरने दोन तुकडे मध्ये काही न ठेवता जोडायचे असतात. पण त्याने मध्ये एक जागा सोडली तर 'प' एकटा पडतो आणि पुढचा काना ठिपक्यांच्या गोलावर लटकतो. युरोपातल्या भाषांमध्ये हाच दोष नुसता एक जास्तीची जागा म्हणून दिसतो, कोणी लक्ष देत नाही, आपल्याकडे शब्द मोडतो. असं दिसलं तर मूळ मजकूर बघून तुकडा कुठे तुटलाय ते रिपोर्टमध्ये दाखवा, आणि तोच विषय इंग्रजीत लिहिला तर काय दिसतं तेही. नुसतं 'मराठी फॉन्ट बिघडतो' लिहिलं की तो बग फॉन्टवाल्यांकडे जातो आणि तिथून तसाच परत येतो.

दुसरी गोष्ट ओळीच्या लांबीची. काही रीडर पाठवण्याआधी 'तुमच्या ओळी ८० अक्षरांपेक्षा लांब आहेत' असं सांगतात, चांगली सवय आहे. पण मोजणारा कोड बाइट मोजत असेल तर मराठीत सव्वीस चिन्हं झाली की इशारा येणार, म्हणजे प्रत्येक वाक्याला. असं दिसलं तर किती चिन्हांवर इशारा आला तो आकडा लिहा, डेव्हलपरला त्या आकड्यावरूनच कारण कळतं.

टर्मिनलवर वाचणाऱ्यांनी रकान्यांची सरळ रेघ राहते का बघावी, वेलांट्या-मात्रांमुळे लेखकाचं नाव आणि विषय एकमेकांवर सरकतात. आणि शोध: 'पाऊस' शोधला की 'पावसात' सापडत नाही हा बग नव्हे, तो भाषेचा प्रश्न आहे, पण 'पाऊस' शोधून 'पाऊस'च सापडत नसेल तर नक्की नोंदवा.

नोंदवल्यानंतर

बगझिलावर तुमचा बग सुरुवातीला 'अनकन्फर्म्ड' असतो. दुसऱ्या कोणी करून बघितलं की 'न्यू' होतो. कधी 'नीडइन्फो' असा झेंडा तुमच्या नावाने लागतो, म्हणजे तुम्हाला काहीतरी विचारलंय, त्याचं उत्तर नक्की द्या, नाहीतर काही महिन्यांनी 'इनकम्प्लीट' म्हणून बंद होतो. 'वर्क्सफॉरमी' म्हणजे त्यांच्याकडे तसं होत नाही, त्यावर भांडू नका, छोटा व्हिडिओ करून द्या. 'वोन्टफिक्स', म्हणजे दुरुस्त करणार नाही, असं आलं तर कारण वाचा, पटलं नाही तर एकदाच, शांतपणे, नवीन पुरावा देऊन लिहा. नवीन पुरावा नसेल तर थांबा. बरेच जण हे काम फुकट, रात्री जागून करतात.

आता दुसरी बाजू: तुमच्याकडे असे बग आले तर

रिपोर्ट लिहिता आला की पुढची पायरी म्हणजे दुसऱ्यांचे रिपोर्ट तपासणं, त्याला कोड लिहिता यायला लागत नाही, आणि मदत कायमच कमी असते.

पहिला नियम, 'ही वापरणाऱ्याची चूक आहे' असं कधीही लिहायचं नाही. विचारायचं, 'तुम्हाला तिथे काय दिसत होतं?' बस. या एका प्रश्नाने निम्मी कोडी सुटतात, कारण कळतं की त्यांची खिडकी अरुंद आहे आणि बटण तीन ठिपक्यांच्या मेन्यूमध्ये जाऊन बसलंय.

मग किती गंभीर ते ठरवायचं. युजेबिलिटीचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांची जुनी पद्धत अजून चांगली आहे, शून्य ते चार (चार सगळ्यात गंभीर), आणि ठरवताना तीन गोष्टी बघायच्या: किती जणांना होतं, झाल्यावर किती त्रास होतो, आणि एकदा कळल्यावर टळतं की परत परत होतं. न्यूजरीडरसाठी मी त्यात चौथी घालतो, परत फिरवता येतं का. वर म्हटलं ना, गेलेली पोस्ट गेली. म्हणून खाजगी उत्तर ग्रुपवर जाण्याचा बग वर्षात एकदाच होत असला तरी तो रोज दिसणाऱ्या वाकड्या आयकॉनच्या कितीतरी वर ठेवा.

मोझिलाच्या बगझिलावर यासाठी कीवर्ड आहेत, 'यूएक्स-एरर-प्रिव्हेन्शन', 'यूएक्स-अनडू', 'यूएक्स-जार्गन', 'यूएक्स-डिस्कव्हरी', 'यूएक्स-कन्सिस्टन्सी' असे ('यूएक्स' म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव). हेडरचा प्रश्न न समजणं हे जार्गन (न कळणारी परिभाषा), बटण न सापडणं हे डिस्कव्हरी. योग्य कीवर्ड लावला की 'हे फक्त तुमचं मत आहे' ही चर्चा बरीच कमी होते.

उपायाबद्दल माझी ठाम मतं आहेत. एक, प्रत्येक वादावर 'सेटिंग देऊन टाका' हा उपाय नाही, नवा माणूस सेटिंगपर्यंत पोचतच नाही. दोन, 'खात्री आहे का?' विचारणारी चौकट हा फार कमकुवत उपाय आहे. याचा इतिहास युजनेटवरच आहे. लॅरी वॉल यांनी १९८४ मध्ये आरएन हा न्यूजरीडर लिहिला, त्या काळात पोस्ट करताना एक इशारा यायचा, की ही पोस्ट जगभरच्या हजारो मशीनवर जाणार आहे, नेटला शेकडो-हजारो डॉलर खर्च पडेल, नक्की पाठवायची का? पहिल्यांदा माणूस दचकायचा, नंतर रोज तेच बघून बोट आपोआप होकाराच्या कळीवर जायचं. शिवाय तेव्हापासून बऱ्याच रीडरमध्ये 'आर' म्हणजे लेखकाला ईमेल आणि 'एफ' म्हणजे ग्रुपवर उत्तर, पॅनमध्येही तेच, आणि कीबोर्डवर बघा, 'आर' च्या अगदी खालीच 'एफ' आहे. खाजगी आणि जाहीर यांच्यात एका बोटाचं अंतर. सवय चाळीस वर्षांची असल्याने कळा बदलणं अवघड, पण लिहायच्या खिडकीत 'हे सगळ्यांना दिसणार' की 'हे एकालाच जाणार' ते मोठ्या अक्षरात, रंगाने नाही तर शब्दांत दाखवता येतं.

चांगला उपाय कसा असतो तर थंडरबर्डमध्ये थ्रेड दुर्लक्षित केला की एक पट्टी येते, या थ्रेडची उत्तरं आता दिसणार नाहीत असं सांगते, आणि तिथेच ते मागे घेण्याचं बटण असतं. आधी अडवलं नाही, काय झालं ते सांगितलं, आणि परतीची वाट तिथेच ठेवली. बग हाताळताना हा नमुना म्हणून दाखवत जा.

दुरुस्ती झाली की काम संपलं असं नाही. बीटा किंवा रोजचं बिल्ड आलं की ज्याने रिपोर्ट केला त्यालाच विचारा, पण 'दुरुस्त झालं का?' असं विचारू नका, त्याला काय विचारताय ते माहीत असतं आणि भिडेखातर तो हो म्हणतो. त्याला सांगा की तुमच्या ओळखीत ज्याने हे कधी वापरलं नाही अशा कोणाला तरी बसवा, तेच काम द्या, गप्प बसा, आणि तो कुठे थांबला ते कळवा. आमच्याकडे बहिणीला आता सरावामुळे सगळं येतं, म्हणून हल्ली मी तिच्या सासऱ्यांना बसवतो, ते थांबले की ती लिहून घेते.